एकट्याने पहाड चढावा काय?

नागपूरकडच्या भाविकांना पचमढीची वाट नव्याने सांगावयास नको. श्रावण लागला, नागपंचमी जवळ आली, की सावनेर, सौंसर, छिंदवाडा या मार्गाने माणसांची जी रीघ लागते ती नागद्वाराकडे. महाशिवरात्रीला हीच माणसे खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. १९५६ पर्यंत नागपूर राजधानीचे शहर होते आणि इंग्रजी अमदानीत सरकारचा उन्हाळा पचमढीला जाई. साहेब गेले, प्रांत मोडले, पचमढी मध्यप्रदेशात राहिली आणि आपण महाराष्ट्रात आलो; पण विदर्भाचा माणूस त्या पहाडाला परका झाला नाही. गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात 'हर हर महादेव' असे कितीतरी वारकरी त्या गर्दीत दिसतात. हरिहरांत भेद नाही असे आपण रोज म्हणतो, तेव्हा त्यात नवल कसले?

ही वाट सोपी नव्हे. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड, सुमारे १३५० मीटर, तेथूनच जवळ आहे. रेतीच्या दगडाचे हे डोंगर. पावसात त्यांवर शेवाळ धरते. कोठे कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, कोठे एका बाजूस भिंतीसारखा खडक आणि दुसऱ्या बाजूस ढगांनी भरलेली दरी, तर कोठे दोन्हीकडे उतार आणि मध्ये पाऊल मावेल एवढीच धार. चढणारा व उतरणारा समोरासमोर आले म्हणजे एकाने पाठ खडकाला टेकवून उभे राहायचे, दुसऱ्याचा हात धरायचा, आणि मगच पुढे. जात विचारायला तेथे जागाच नाही, बरं का!

असो. हे सारे आठवण्याचे कारण एका तरुण वाचकाने केलेला प्रश्न. तो नागपूरचाच. म्हणतो, "दिंडीत टाळांचा गजर होतो, माणसे बोलतात, चहा होतो, पंगती होतात, त्यात माझे चित्त मला सापडत नाही. पहाडाच्या निमुळत्या धारेवर मी एकटा असतो तेव्हा मात्र मनात दुसरा विचार येत नाही. मग देव मला तेथे भेटणार नाही काय? आणि एकटे गेल्याबद्दल घरचे मला स्वार्थी म्हणतात, ते खरे काय?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. कारण 'संगतीवाचून परमार्थ नाही' असे नुसते म्हटले तर तुकोबांच्या डोंगरांचे काय करायचे? भामचंद्र, भंडारा, घोराडेश्वर ही स्थाने एकांताचीच होत. आपल्याच भागातले पाहा. १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तरुणपणी रामदिघीच्या अरण्यात राहिले. तेथे ना टाळ, ना पंगत. तेव्हा एकांत हा वारकऱ्याला वर्ज्य आहे असे कोणी सांगू लागल्यास त्याला खुशाल हसावे.

तरी त्या तरुणाच्या बोलण्यात एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. धारेवर मनात दुसरा विचार येत नाही, हे खरे. पण का येत नाही? खाली दरी आहे म्हणून. मुरूम सरकेल काय, ओल्या गवतावर टाच टिकेल काय, वाऱ्याचा झोत आला तर कोठे झुकावे, याखेरीज मनाला सवडच नसते. म्हणजे चित्त एकाग्र झाले खरे, पण कशावर? या देहावर! आपण म्हणतो, 'मी स्वतःला विसरलो'. वास्तविक घराच्या ओसरीवर बसलेला माणूस आपल्या देहाला जितका विसरतो तितकाही धारेवरचा माणूस विसरत नाही. कौलांवरून चालणारा चोरही असाच एकाग्र असतो. भयाने आलेली एकाग्रता भय गेले की जाते. धार संपली, सपाटी आली, की मन पुन्हा बाजारात!

मात्र येथेच थांबलो तर त्या मुलावर अन्याय होईल. सरावाच्या माणसाचे भय काही वेळाने ओसरते, पाऊल आपोआप पडू लागते, आणि तरीही मन शांत असते, असे जाणते लोक सांगतात. ते खोटे मानण्याचे कारण नाही. तेथे कोणी पाहणारे नाही, वाहवा करणारे नाही, रुसणारे नाही. ज्याला दिवसभर माणसांशी वागताना दहा मुखवटे घालावे लागतात, त्याला ही घटकाभराची सुटका औषधासारखी वाटत असेल. औषध म्हणून ती घ्यावी. पण तिला देवाची भेट म्हणण्याची घाई करू नये, एवढेच.

आता दुसरा प्रश्न, स्वार्थाचा. येथे मला श्रीज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत आठवतात. परंपरा सांगते की त्यांना वैराग्य झाले, ते काशीस गेले, आणि मागे बायको आहे हे लपवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना रुक्मिणीबाईंची हकीकत कळली, तेव्हा त्यांनी शिष्याला काय सांगितले? घरी परत जा. काशीला जाणे हा दोष नव्हता, वैराग्यही खोटे नव्हते. मागच्या माणसाला अंधारात ठेवले, तेथे सारे अडले. त्या एका न सांगितलेल्या गोष्टीचे भोग चार लेकरांच्या वाट्याला आले.

आणि पुढची गोष्ट तर प्रत्यक्ष डोंगरावरचीच आहे. हेच विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत होते. वाघ आडवा आला, पळापळ झाली, आणि थोरला निवृत्ती चुकला. एकटे ते पोर एका गुहेत शिरले, तेथे गहिनीनाथ भेटले. म्हणजे पाहा, एकांतात गुरू भेटले खरे, पण निवृत्तीनाथ एकांत शोधायला घरातून गुपचूप निघाले नव्हते. ते हरवले होते, आणि घरचे त्यांच्यासाठी तळमळत होते. मिळालेली वस्तूही त्यांनी गुहेत ठेवली नाही. परत आले आणि धाकट्या भावाच्या हाती दिली. तुकडोजी महाराजांचेही तसेच. अरण्यातून निघून हाती खंजिरी घेतली, सामुदायिक प्रार्थना उभी केली, आणि १९५५ साली ग्रामगीता दिली ती गावाला.

कोणी म्हणेल, घरच्यांच्या जिवाला घोर लागतो म्हणून धोक्याच्या वाटेला जाऊच नये. हे मला पटत नाही. आपल्या पणज्या-पणजोबांच्या काळी पंढरीची वारी काय कमी धोक्याची होती? वाळवंटात पटकीची साथ येई आणि गावचे गाव रडत परते. तरी माणसे जात. धोका असणे हे पाप नव्हे. पण ती माणसे घरी सांगून, थोरांच्या पाया पडून, देणेघेणे मिटवून जात. गावाला ठाऊक असे की अमका वारीला गेला आहे आणि अमक्या दिवशी येईल.

आमच्या तरुण मित्राने आणखी एक लिहिले आहे. तो फोटो काढीत नाही, कोणाला दाखवीत नाही, आणि जाताना कोणाला सांगतही नाही. म्हणजे त्यात अहंकार राहात नाही, असे त्याचे म्हणणे. फोटो काढीत नाही हे चांगले. पण न सांगण्यात अहंकार जातो, हे काही खरे नाही. न सांगता जाणारा घसरला तर त्याला कोठे शोधायचे? शोधायला जातो तो वनरक्षक, पायथ्याच्या गावातला गोंड-कोरकू शेतकरी, सह्याद्रीत असेल तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरे. तीही कोणाची तरी लेकरेच, आणि भर पावसात दोर लावून त्याच दरीत उतरतात. त्यांना एका दिशेऐवजी दहा दिशा पाहाव्या लागतात, तेव्हा आपल्या मौनाची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाते. "आई, मी अमक्या डोंगरावर, अमक्या वाटेने जातो, अंधार पडेपर्यंत न आलो तर अमक्याला फोन कर," हे म्हणायला जीभ अडखळते, कारण त्यात 'माझे काही बरेवाईट होऊ शकते' ही कबुली आहे. मला तर गर्व तेथेच दडलेला दिसतो. अर्ध्या धारेवर ढग उतरले, पाय थरथरला, तर मागे फिरताना जो अडखळतो त्याचाही हाच रोग.

नागद्वाराविषयी मात्र स्पष्टच सांगतो. ते जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पातले आहे आणि ती वाट यात्रेच्या थोड्या दिवसांपुरतीच उघडते. एरवी तेथे एकट्याने चोरून शिरण्याला साधना हे नाव देऊ नये. वाघाच्या घरात न विचारता जाणे ते. एकांत हवा असेल तर मोकळे डोंगर पुष्कळ आहेत. ब्रह्मगिरीवरून दुर्गभांडाराकडे जाणारी अरुंद वाट आहे, तेथे एका माणसाला पुरेल एवढाच एकांत आहे, आणि पायथ्याशी निवृत्तीनाथांची समाधीही आहे.

राहिला त्याचा शेवटचा प्रश्न: "सांगितल्यावर आई नको म्हणाली तर?" याला माझ्याजवळ तयार उत्तर नाही. मी त्याला देहूची एक कथा तेवढी आठवून दिली. तुकोबा भंडाऱ्यावर एकांतात बसत, आणि आवली भाकरी घेऊन उन्हातान्हात तो डोंगर चढत असे. वाटेत तिच्या पायात काटा मोडला, तो प्रत्यक्ष पांडुरंगाने काढला, असे आपण कीर्तनात ऐकतो. त्या चढणीवर तीही एकटीच होती. मुलाने उत्तर पाठविले आहे की या वेळी तो आईला पायथ्यापर्यंत बरोबर नेणार आहे.