बारदान किती?

जानेफळचा एक पोरगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होता. गावाकडच्या शेतकरी कंपनीनं त्याच्याकडून सोयाबीनचे भाव दाखवणारं वेब-ॲप करून मागितलं. त्यानं हौसेनं करून दिलं आणि सोबत अंदाजपत्रकही जोडलं: सर्व्हरचा खर्च महिना 2,000 रुपये, पान उघडायला दीड सेकंद. संचालकांनी बैठकीत चहा संपायच्या आत मंजुरी दिली. कागदावर खोटं काहीच नव्हतं. दीड सेकंद पोरानं स्वतः मोजला होता, ऑफिसच्या वायफायवर आणि चाळीस हजारांच्या फोनवर.

ऑक्टोबरात सोयाबीनच्या सोंगणीला तो घरी आला. आजोबा, म्हणजे आबा, मेहकरच्या बाजार समितीत उभी हयात मापारी होते. बांधावर बसून ते आपल्या साध्या फोनवर भाव उघडायच्या खटपटीत होते.

"काऊन रे बापू, हे नुसतं फिरूनच राह्यलं?"

"इथं रेंज नाही, आबा."

"रेंज हाय. दोन कांड्या दिसतात. तुह्या पानाचं वजन किती हाय, ते सांग मले."

पोरगा हसला. पण हा प्रश्न त्याला आजवर कुणीच विचारला नव्हता. संध्याकाळी त्यानं लॅपटॉप उघडून वजन केलं. भरलं 4 एमबी. वरचा मोठा फोटो एकटाच 1.8 एमबीचा, बाकी आलेख काढणारा कोड, नकाशा, नक्षीदार फॉन्ट. खुद्द भाव, म्हणजे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे, मिळून एक केबीसुद्धा नव्हते.

"म्हंजे माल चिमूटभर, अन् बाकी सारं बारदान," आबा म्हणाले. "आमी बारदान वजा करून पट्टी करत होतो. तू तं त्याचेच पैशे घेऊन राह्यला."

"पैसे कुठं आबा? सभासदांना फुकट आहे."

"मंग डेटा कोन भरते?"

दोघं हिशेबाला बसले. बांधावर मोजलेला वेग सेकंदाला 0.4 मेगाबिट. 4 एमबी म्हणजे 32 मेगाबिट, म्हणजे पान उतरायला 80 सेकंद. तेही सलग उतरलं तर. प्रत्येक तुकडा मागायचा आणि टॉवरकडून उत्तराची वाट बघायची, तो वेळ वेगळा, आणि स्वस्त फोनला तो सगळा कोड पचवायला लागतो तो आणखी वेगळा. घरातल्या पोरांनी दुपारपर्यंत रील बघून दिवसाचा डेटा संपवला असेल, तर बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. मग त्याच पानाला 500 सेकंद, आठ मिनिटांच्या वर. तेवढ्यात अडत्याचा फोन येऊन सौदाही होऊन जातो.

भाव शिळा दिसू नये म्हणून पोरानंच दर वेळी सगळं नव्यानं उतरेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. फोटोसुद्धा. हंगामात माणूस दिवसातून पाच वेळा भाव बघतो, म्हणजे 20 एमबी. एक जीबीचा टॉप-अप 19 रुपयांचा धरला, तर माणशी रोजचे 37 पैसे. हे ऐकून पोरगा निश्चिंत झाला. आबांनी मात्र सभासद विचारले. सहाशे. रोजचे 222 रुपये, महिन्याचे साडेसहा हजारांच्या वर. कंपनी 2,000 भरणार आणि सभासद त्याच्या तिप्पट, तेही कुणाच्या वहीत न लिहिता.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला, त्यामुळे शहरात एमबी कुणी मोजत नाही, हे खरंच आहे. पण 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी शेतात उभा राहून फोनवर पिकाची नोंद करू लागला. ज्याचं गिऱ्हाईक बांधावर उभं, त्यानं अंदाज वायफायवर बसून बांधावा, हे माझ्या मते आळसाचं काम आहे. ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम मंद करून बघायची सोय असते. त्याला दोन मिनिटं लागतात.

पोरानं चार रात्री बसून पान सोललं. भाव साध्या अक्षरात आधी, आलेख मागितला तरच, नकाशा बाद. जे बदलत नाही ते एकदाच उतरवून फोनमध्ये ठेवलं. पान 40 केबीवर आलं. 64 केबीपीएसवरसुद्धा पाचेक सेकंदांत भाव दिसू लागला.

पुढच्या बैठकीत एक संचालक गरम झाले. "आमचा उद्घाटनाचा फोटो कुठं गेला?"

पोरानं नवं अंदाजपत्रक पुढे सरकवलं. त्यात एक रकाना वाढला होता: सभासदांच्या खिशातून. फोटोसमोर लिहिलं होतं, महिना 3,000 रुपये.

बराच वेळ कागद इकडून तिकडे फिरला. शेवटी फोटो फ्रेम करून गोदामाच्या भिंतीवर लावायचं ठरलं. त्याला एकदाच साडेतीनशे रुपये लागले आणि ते संचालकांनी वर्गणी काढून भरले.