लपवण्यासारखं आहेच काय?

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" असं मोठ्या अभिमानानं म्हणणारा माणूस आंघोळीला गेला की न विसरता आतून कडी लावतो. आत तो काही पाप करत नसतो. पण कडी लावतो. खाजगी असणं म्हणजे गुन्हा नव्हे, हे आपल्या न्हाणीघरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं ते २०१७ साली.

पूर्वी कागद सांभाळणं सोपं होतं. लोखंडी कपाट, कपाटात पत्र्याची पेटी आणि किल्ली आजीच्या कमरेला. चोरानं कागद नेलाच तर तो गेला हे निदान कळायचं. आताचा कागद चोरीला जातो आणि तरीही घरातच असतो!

झेरॉक्सच्या दुकानात जरा उभे राहून पाहा. सद्गृहस्थ फोनवरून आधारकार्ड पाठवतात, प्रत घेतात, उरलेले सुटे पैसे मोजून घेतात आणि कार्ड दुकानदाराच्या संगणकात ठेवून घरी जातात. पैशांचा हिशेब चोख. बारा आकड्यांचा हिशेब कोणी मागत नाही. पहिले आठ आकडे झाकून शेवटचे चारच दाखवणारं आधारकार्डही मिळतं. पण ते लॉजवाल्यापुढे धरलं, की "साहेब, काही लफडं नाही ना?" अशा नजरेनं तो पाहतो. दुसरे एक गृहस्थ जन्मतारीख हाच पासवर्ड ठेवतात आणि त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर केकचा फोटो टाकतात.

"गेलं तर माझं जाईल, तुमचं काय?" असं कोणी म्हणेल. इथेच खरी मेख आहे. माझ्या फोनमध्ये माझं असं फार थोडं आहे. वहिनींच्या रक्ताचा रिपोर्ट आहे, भाच्याचा पासपोर्ट आहे, गॅसच्या अर्जासाठी कामाच्या मावशींनी दिलेलं पासबुक आहे. माझा पासवर्ड कच्चा की पक्का, हे यांपैकी कोणीही मला विचारलेलं नाही. परगावी जाताना शेजारी किल्ली देऊन जातात, तशी ही ठेव आहे. स्वतःच्या घराला कुलूप लावायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. शेजाऱ्यांची किल्ली जिन्यात टांगून ठेवणं हा मात्र नीतीचाच प्रश्न.

म्हणून मी एक नेम केला आहे. विचारल्याशिवाय कुणाचा कागद पुढे धाडायचा नाही आणि काम झालं की तो पुसून टाकायचा. मावशींचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा त्यांना मुद्दाम सांगितलं, "पासबुकाचा फोटो पुसला हो."

"कशाला? मी कुठं काय म्हणाले, काका?"

"म्हणूनच पुसला," मी म्हटलं.