नमस्कार कोणाला?

पंचवटीच्या काळाराम मंदिरांत जाणारा भाविक वहाणा बाहेर काढून ठेवतो, यांत आम्हां नाशिककरांस कांहींच नवल वाटत नाहीं. परंतु त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ हा मूकपट १९१७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां पडद्यावर रामचंद्र दिसतांच प्रेक्षकहि पायांतील वहाणा काढीत, असें सांगतात. हा राम म्हणजे अण्णा साळुंके. आणि त्याच चित्रपटांतील सीताहि तेच! मुंबईस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणाऱ्या या तरुणास फाळक्यांनीं हेरलें, आणि पडद्यावर यावयास स्त्रिया मिळेनात म्हणून १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रां’त त्याला तारामती केलें.

मग तो आदर कोणाचा? कोणी म्हणेल, ही भाबड्या लोकांची फसगत. आम्हांला तसें वाटत नाहीं. मूर्ति दगडाची आहे हें भक्ताला ठाऊक असतें. तरी त्याचा नमस्कार दगडाला नसतो. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटांत ज्ञानेश्वरांचें काम करणारे शाहू मोडक ख्रिस्ती कुटुंबांतले होते. म्हणून पाहणाराची भक्ति उणी ठरत नाहीं.

मात्र दगडांत व नटांत एक भेद आहे. दगडाला अहंकार नसतो. तेव्हां फसण्याचें भय प्रेक्षकापेक्षां नटालाच अधिक. हॉलिवुडचा रोनाल्ड कोलमन मूकपटांतून बोलपटांत आला आणि आपल्या आवाजाच्या बळावर नभोवाणीवरहि लोकप्रिय झाला. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालें तें १९४७ च्या ‘अ डबल लाइफ’मधील कामाबद्दल. त्यांतील नट ऑथेल्लोची भूमिका करतां करतां तिचा मत्सर घरीं घेऊन येतो आणि अखेर एका स्त्रीचा जीव घेतो. पुढें १९५० पासून हाच कोलमन नभोवाणीवरील एका मालिकेंत कॉलेजचा प्रमुख झाला!

कॉलेजचा विषय निघाला म्हणून स्वतःचेंहि सांगतों. गुरुपौर्णिमेस विद्यार्थी वांकून नमस्कार करितात, तो विद्येला असतो, हें आम्ही वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. परंतु एकदां एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत आमची चूक दाखविली, आणि ती खरी असूनहि आम्ही त्याच्यावर रागावलों. त्या क्षणीं, विद्येच्या वाटचा नमस्कार आम्हींच परभारें खिशांत घातला होता, हें उघड झालें. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत चूक कबूल करणें फार जड गेलें.

साळुंके पुढें कॅमेऱ्यामागें उभे राहिले व छायालेखक झाले. त्यांनीं हें विरक्तीनें केलें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याच्यापुढें लोकांनीं वहाणा काढल्या, त्यालाहि चित्रपट संपल्यावर आपल्या वहाणा घालून, चारचौघांसारखें चालत घरीं जातां आलें पाहिजे. नटानें आणि गुरूनें शिकावयाचें तें एवढेंच.