कुत्र्याचे उपकार

आमच्या घरांतून कुत्र्याला रोज भाकरी घालतात, पण उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. भाकरी घातली, पुण्य खात्यावर जमा झालं, आपण मोकळे. या हिशेबाची दुसरी बाजू आपण मांडतच नाही. कुत्र्यानं आपल्यासाठी जे केलं, त्याचं काय?

आदिलाबादकडे उन्हाळा लागला की बाया पहाटे मोहफुलं वेचायला रानात जातात, पुढे तेंदूपानांसाठी आणखी आत. एखादी म्हातारी वाट चुकली, तर हाका मारत फिरायचं. पण हाकेला ओ द्यायला तिच्या अंगात त्राण हवं ना! शिकवलेल्या कुत्र्याला ओ लागत नाही. माणसाच्या त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात, त्यांचा वास वाऱ्यावर जातो. कुत्रा वाऱ्याच्या उलट चालत त्या वासाच्या मुळाशी पोचतो. बेशुद्ध माणूसही त्याला सापडतो.

तेलंगणाच्याच दक्षिणेकडे, नागरकुर्नूल जिल्ह्यात, २२ फेब्रुवारी २०२५ रोजी श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्याचा भाग कोसळून आठ कामगार आत अडकले. मार्चमध्ये केरळ पोलिसांची, मृतदेह हुडकायला शिकवलेली कुत्री आणली. त्यांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर ९ मार्चला एक देह हाती आला. जीव वाचला नाही, पण एका घराचं दाराकडे डोळे लावून बसणं संपलं. हाही उपकारच.

आता प्रश्न असा, की आपल्या हरवण्यासाठी दुसऱ्या जिवाला राबवायचा आपल्याला काय अधिकार? तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. पाठशाळेत ते घोकताना डोळ्यांपुढे बैल यायचा. तीच फूटपट्टी कुत्र्याला लावून पाहू.

रानात वाऱ्यावर शोध घेणारा कुत्रा बहुधा मोकळाच सोडतात. मारून तर तो शिकतच नाही. घाबरलेला कुत्रा वासाकडे कसला लक्ष देतोय, तो मालकाच्या हाताकडे बघत राहतो. शिकवणं म्हणजे लपाछपी: कुणीतरी लपायचं, त्यानं शोधलं की चेंडू द्यायचा. उपाशी ठेवायची किंवा कान-शेपूट कापायची गरजच नाही.

अडतं ते ओझ्यापाशी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास नीट लागत नाही. मे महिन्यातल्या दुपारी, तापलेल्या खडकांवरून त्याला पुढे दामटायचं? कुणी म्हणेल, तिकडे म्हातारी तहानेनं मरतेय आणि तुम्हाला कुत्र्याच्या पायांची पडलीय! हा सवाल खोटा नाही. तिच्या नातवाच्या तोंडून तो आला, तर मला मान वर करून उत्तर देता येणार नाही.

तरी मला वाटतं ते सांगते. शोधायला गेलेला माणूस ‘आता होत नाही’ म्हणू शकतो. कुत्रा म्हणत नाही. खेळाच्या ओढीनं तो कोसळेपर्यंत धावेल. त्याचं हे धावणं म्हणजे होकार नव्हे. म्हणून त्याच्या वतीनं ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी त्याला घेऊन गेलेल्या माणसावर येते. कुत्र्याला सावलीत बसवा, पाणी पाजा, दुसरा कुत्रा आणा, रात्री गारव्यात पुन्हा निघा. तोवर माणसांनी शोधत राहावं. तेवढ्या वेळात म्हातारी गेली, तर ते दुःख आपलं. ते कुत्र्याच्या पाठीवर लादता येत नाही.

‘पण त्यालाही पुण्य लागत असेल की!’ असं म्हणून सुटका होत नाही. कर्म भावावर ठरतं, आणि त्याचं मन चेंडूत असतं. आपण कुणाला वाचवतोय हे त्याला बहुधा ठाऊकही नसतं. म्हणून या व्यवहारातलं ऋण आहे ते सगळं आपल्याकडे.

जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, ही कथा आपण जाणतो. तो कुत्रा पुढे यक्ष झाला आणि उपकार स्मरून जीवंधराच्या मदतीला आला. कथेत कुत्र्यानं आठवण ठेवली. इथं आधी देणारा कुत्रा आहे, आणि आठवण ठेवायची पाळी माणसाची. म्हातारपणी त्याचं नाक मंदावेल, पाय लटपटतील. त्या दिवसांत त्याला उंबऱ्याच्या आत जागा आहे की नाही, यावरून आपली आठवण किती खरी ते कळेल.