गुठळीपलीकडची भिंत

11 मे 1888 रोजी मुंबईतल्या सभेत जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुण्यात अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. उजवा हात चालेना, म्हणून जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले. असं लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर, 1891 मध्ये छापून आलं. घोले नामांकित डॉक्टर होते. पण आत गुठळीने रक्त अडलं आहे की रक्तवाहिनी फुटली आहे, हे रुग्ण जिवंत असताना पाहण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती.

या आजाराचा विचार पुढे ज्या कल्पनेने बदलला, तिची सुरुवात मात्र झाली होती. 1885 मध्ये बर्लिनच्या पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सारे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदूच्या पेशींना रंगाची ओढ नसावी, असं त्यांनी मानलं. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी 1913 मध्ये उलटा प्रयोग केला: रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे पेशींचा काही दोष नव्हता; रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आडवं येत होतं.

जिनिव्हात काम करणाऱ्या लीना श्टेर्न यांचं या कथेतलं स्थान फार मोठं आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. 1921 मध्ये त्यांनी या रक्त-मेंदू अडथळ्याची कल्पना नावानिशी मांडली. तो नुसता आडवा येत नाही, काय आत जावं आणि काय जाऊ नये हे ठरवतो, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. 1949 मध्ये ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यात त्यांना अटक झाली. 1952 मध्ये तेरा सहआरोपींना गोळ्या घातल्या गेल्या. श्टेर्न तेवढ्या हद्दपारीवर वाचल्या.

अडथळा नेमका कुठे आहे, हे 1967 मध्ये थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदरांच्या मेंदूत पाहिलं. केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली प्रथिनं त्या सांध्यापाशीच थबकतात. माणसाच्या मेंदूत अशा केशवाहिन्यांचं जाळं सुमारे 600 किलोमीटर लांबीचं असतं.

त्याच वर्षी इगोर क्लात्झो यांनी मेंदूच्या सुजेचे दोन प्रकार वेगळे केले. एकात पेशी स्वतः फुगतात. दुसऱ्यात रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि प्रथिनांमागोमाग पाणी आत शिरतं. पक्षाघातात दोन्ही होतं. रक्त अडल्यावर काही तासांत एमएमपी-9 सारखी विकरं केशवाहिनीचा पायाथर आणि पेशींमधले सांधे कुरतडू लागतात. कवटीला ताणायला जागा नसते, म्हणून सूजच जिवावर उठते. भिंत आणखी खचली तर तांबड्या पेशीही बाहेर येतात आणि गुठळीचा रुग्ण रक्तस्रावाचा रुग्ण होतो.

ही भीती आकड्यांत दिसली 1995 मध्ये. गुठळी विरघळवणारं टीपीए तीन तासांच्या आत दिल्यास अधिक रुग्ण सावरतात, हे अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं. पण लक्षणं वाढवणारा मेंदूतला रक्तस्राव औषध न मिळालेल्यांत 0.6 टक्के, तर मिळालेल्यांत 6.4 टक्के होता. टीपीए स्वतःच त्या विकरांना चेतवतं, हे नंतर कळलं. 2008 मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली. उशीर झाला की वाचवण्याजोगा मेंदू कमी उरतो, आणि भिंतही तोवर कमकुवत झालेली असते.

इथे ही गोष्ट पुन्हा पुण्यात येते. हिंजवडीच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने टेनेक्टेप्लेस हे टीपीएचं सुधारित रूप भारतात बनवलं. ते गुठळीतल्या फायब्रिनला अधिक नेमकं धरतं, शरीरात अधिक वेळ टिकतं आणि तासभर सलाईनमधून न देता एकाच इंजेक्शनात देता येतं. अमेरिकेच्या नियामकाने पक्षाघातासाठी टेनेक्टेप्लेसला 2025 मध्ये परवानगी दिली. भारतात ती त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती. रुग्णाला लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात हलवताना सलाईनचा तो एक तास वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

मग विकरंच रोखणारं औषध का देऊ नये? प्राण्यांत ते सुरुवातीला उपयोगी ठरलं. पण 2006 मध्ये बोस्टनच्या संशोधकांना उंदरांत दिसलं की आठवड्याने तीच विकरं नव्या रक्तवाहिन्या उभारायला मदत करतात. तेव्हा ती रोखली तर सुधारणा मंदावते. म्हणजे काय रोखायचं याइतकंच कधी रोखायचं हेही ठरवावं लागतं, आणि त्यासाठी एकेका रुग्णाची भिंत कोणत्या अवस्थेत आहे ते कळायला हवं. सीटी स्कॅनवर आधीच झालेला रक्तस्राव दिसतो, पाझर दिसत नाही. तो दाखवू शकणाऱ्या एमआरआयला वेळ लागतो. म्हणून आजही डॉक्टर नातेवाइकांना सर्वांत आधी हेच विचारतात, की रुग्णाला शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं.