उशिरा सांगितलेली गोष्ट

एखादी स्त्री वीस-तीस वर्षांनी आपल्यावर झालेला अत्याचार सांगते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतकी वर्षे गप्प का होतीस? या प्रश्नात दोन भिन्न अवस्थांची गल्लत होते. आठवण मनाच्या तळाशी दडपली जाणे ही एक. ती लख्ख असूनही ओठांवर न येणे ही दुसरी.

पहिलीचा वाद जुना आहे. फ्रॉइडने १८९६ मध्ये हिस्टेरियाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या दडपलेल्या आठवणींत शोधले आणि पुढच्याच वर्षी ते मत सोडले. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २४ जणांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची, कधीच न घडलेली गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने सांगितली. सहा जणांना ती कमीअधिक खरी वाटली. सूचनेने खोटी आठवण तयार होऊ शकते, हे यावरून मान्य करावेच लागते. पण याच प्रयोगाच्या जोरावर उशिरा बोलणाऱ्या प्रत्येकीवर संशय घेणे अन्यायाचे आहे. जी कधी विसरलीच नव्हती, तिच्याविषयी हा प्रयोग काहीच सांगत नाही.

अशा न विसरलेल्या आठवणींचे उदाहरण सातारा जिल्ह्यात सापडते. फलटणच्या दलित लेखिका बेबी कांबळे (१९२९–२०१२) आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड लिहीत. ते लिखाण सुमारे वीस वर्षे कोणाला दिसले नाही. संशोधक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन पुस्तकरूपाने निघाले. महार वस्तीतील उपासमार आणि सुनांचा छळ त्यात निर्भीडपणे आला. स्वतः खाल्लेल्या माराबद्दल मात्र त्या पुढे पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांच्याशी बोलताना मोकळ्या झाल्या. समाजाचे दुःख त्यांनी स्वतःच्या दुःखाच्या पुढे ठेवले होते.

इथे सुरुवातीची विभागणी अपुरी पडते. आठवण शाबूत असली, बोलण्याचे धैर्य असले, तरी गोष्ट एकदम पुरी होत नाही. प्रत्येक टप्प्याला ऐकणारा लागतो. म्हणून स्त्रीच्या मौनाइतकीच ऐकणाऱ्याचीही तपासणी व्हायला हवी.

असा ऐकणारा डॉक्टरही असू शकतो. सातारा जिल्ह्यातच कराडलगतच्या मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी डोकेदुखी किंवा निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या दुखण्यामागे जुना अत्याचार असू शकतो. डॉक्टरांनी तिला एकांत द्यावा, सासू-नवऱ्याला बाहेर थांबवावे, प्रश्न मोकळा विचारावा आणि उत्तर सुचवू नये. लॉफ्टस यांचा इशारा इथे उपयोगी पडतो. तिने अर्धेच सांगितले, तर उरलेल्यासाठी पुन्हा यायची वाट खुली ठेवावी.