सुपाची किंमत

मूल, सिंदेवाही, धानोरा, गडचिरोली, यांपैकी कोणत्याही गावच्या आठवडी बाजारात जावे. बांबूचे सूप घेताना घासाघीस न करणारे गिऱ्हाईक विरळाच आढळेल. तेच गिऱ्हाईक शेजारच्या मोबाईलच्या दुकानात गेले की छापील किमतीपुढे मान तुकवते. सूप विणणारा माणूस समोर बसलेला असतो, त्याच्या बोटांवरचे चिरे आपल्याला दिसत असतात, आणि नेमक्या त्याच्याशीच आपण दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. ज्या वस्तूचा कर्ता आपल्याला कधीही भेटणार नाही, तिचे दाम मात्र निमूटपणे मोजतो. ही केवळ बाजारातली एक गंमत म्हणून सोडून द्यावी असे आम्हांस वाटत नाही. तिच्या मुळाशी नीतीचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या कष्टांचे वजन आपल्याला कळते का, आणि कळत नसेल तर ते कळण्याची काही वाट आपल्या घरातून जाते का?

वाट आहे, आणि ती हातातून जाते. अलीकडे आपल्या कुटुंबांतून हाताचे छंद पुन्हा डोके वर काढू लागले आहेत. कोणी परसात भाजी लावते, कोणी लोकरीचे विणते, कोणी जुना रेडिओ उघडून बसते. नाताळात गोठ्याचा देखावा घरीच करण्याची हौस तर आपल्याकडे जुनीच. हा सारा रिकामपणाचा उद्योग आहे, असे म्हणणारी वडीलधारी मंडळीही आहेत. त्यांना आम्ही येथे बांबूचेच उदाहरण देऊ, कारण या दोन जिल्ह्यांत ते घरोघर समजेल.

मानवेल आणि कटांग या आपल्या रानातल्या बांबूच्या ओळखीच्या जाती. त्यांचे सूप करायचे म्हणजे आधी हिरवा, सरळ, दूर दूर पेरांचा बांबू निवडायचा. तो उभा चिरायचा, मग प्रत्येक चिरीचे पुन्हा पातळ पापुद्रे काढायचे. बाहेरच्या सालीकडचा भाग चिवट, आतला भुसभुशीत. कोणता कशासाठी ठेवायचा हे ठरलेले असते. चिरताना सुरी मधोमध चालत नाही. ती एका अंगाला पळते आणि एक पट्टी पातळ, दुसरी जाड होऊ लागते. अशा वेळी सुरीवर जोर देऊन उपयोग नसतो. जाड बाजू थोडी अधिक वाकवावी लागते, मग चीर आपोआप मधल्या रेषेवर परतते. हे वाचून कळते, परंतु येत नाही. आमच्या वस्तीतील काही मुलामुलींनी एका उन्हाळी सुटीत शेजारच्या बुरूड आजोबांपाशी बसून हे शिकण्याचा प्रयत्न केला. पाच दिवसांत प्रत्येकाची एक टोपली झाली. एकही धड उभी राहत नव्हती. आजोबा तेवढ्याच वेळात आपले नेहमीचे काम उरकून मुलांकडे पाहून हसतही होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या मुलींपैकी एकीने आपल्या आईला सुपाचा भाव पाडू दिला नाही, आणि भर बाजारात मायलेकींचे चांगलेच वाजले.

छंदाचा खरा लाभ तो हाच, असे आमचे मत आहे. टोपली वाकडी झाली तरी चालेल. करणाऱ्याच्या बोटांना जे समजले ते पुढे कोणी काढून घेऊ शकत नाही.

येथे एक कठीण गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपण ज्याला छंद म्हणतो, ते शेजाऱ्याचे पोट असते. आपल्याला कंटाळा आला की आपण सुरी खाली ठेवतो. बुरुडाला ती सोय नाही. शिवाय हे काम त्याने निवडलेले नाही. आपल्या समाजाने शतकानुशतके हाताची कामे जन्मावरून वाटून दिली, आणि ज्याचे हात अधिक झिजतात त्याला अधिक खाली बसवले. आपण ख्रिस्ती झालो म्हणून ही सवय आपल्या अंगातून पुरती गेली, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? नाझरेथकरांनाही येशूविषयी हीच अडचण पडली होती. आपल्यातला हा सुतार, याला हे ज्ञान कोठून, या विचाराने ते अडखळले, असे संत मार्क सहाव्या अध्यायात नोंदवतो. म्हणून चर्चच्या जत्रेत हौसेने केलेल्या टोपल्या पडेल भावाने विकायला मांडणे आम्हांस रुचत नाही. आपला भात दुसऱ्या मिळकतीवर शिजतो. त्याचा त्या टोपलीवर. शिकावे अवश्य, पण त्याच्या दरापेक्षा खाली जाऊन विकू नये.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमासंबंधी एक विश्वपत्र लिहिले. श्रमाचे मोल प्रथम काय तयार झाले यावरून ठरत नाही, ते करणारा मनुष्य आहे यावरून ठरते, हा त्याचा गाभा. लिहिणाऱ्याने तरुणपणी, जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, दगडाच्या खाणीत आणि पुढे रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात हाच विचार निराळ्या वाटेने आला. १९४९ पासून बाबा आमटे यांनी तेथे कुष्ठरुग्णांना शेती, विणकाम, सुतारकाम अशा कामांना लावले. ज्या हातांना स्पर्शच कळत नाही, ते गरम भांडे धरतात, भाजतात, आणि भाजल्याचे त्यांना उमगतही नाही. अशा हातांच्या माणसांनी केलेल्या वस्तू लोक विकत घेऊ लागले. त्यांना दयेपोटी पोसता आले नसते काय? आले असते. पण मग ते आयुष्यभर घेणारेच राहिले असते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की यांना जाते आणि उखळ परत आणायचे आहे. मुळीच नाही. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक बहुधा ज्यांनी पहाटे दळले नाही तेच अधिक करतात. या जिल्ह्यांत तर चुलीच्या सरपणाचा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. ताडोबाच्या भोवताली आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या रानांत सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी गेलेल्या बायामाणसांवर वाघाचे हल्ले होतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी अशा हल्ल्यात मरण पावल्या. अशा ठिकाणी घरात आलेला गॅसचा सिलिंडर ही चैन नव्हे. तो एका स्त्रीला रानात जाण्याच्या निदान एका कारणातून सोडवतो. सिलिंडर संपल्यावर तो पुन्हा भरून आणायचा की घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलचे रिचार्ज करायचे, असा पेच महिन्याच्या अखेरीस अनेक घरांत उभा राहतो. त्या वेळी निर्णय कोण घेतो, आणि सरपणाला कोण जाते, हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

यंत्रांविषयी गांधीजींचे मत सर्वांना ठाऊक आहे असे आपण समजतो. १९२४ साली त्यांना कोणी विचारले, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे काय, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद सांगितला. सिंगरने आपल्या पत्नीला टाके घालत झिजताना पाहिले आणि तिच्यावरील प्रेमातून ते यंत्र घडवले, अशी त्यांची समजूत होती. इतिहासातला आयझॅक सिंगर तसा नव्हता. तो मूळचा नट, आणि १८५१ चे त्याचे पेटंट पैसा मिळवण्यासाठीच होते. पण कथा चुकीची असली तरी गांधीजींची कसोटी चुकीची ठरत नाही. हे यंत्र कोणाचे कष्ट हलके करते? त्यांना पुढे विचारले गेले, की शिवणयंत्रे बनवायला कारखाने लागतीलच ना? ते म्हणाले, लागतील, पण ते राष्ट्राच्या मालकीचे असावेत. म्हणजे यंत्र करणाऱ्या कामगाराकडेही त्यांची दृष्टी होतीच.

आपल्या शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, हा विचार प्रत्यक्षात उतरवण्याचे काम एका ख्रिस्ती माणसाने केले, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकलेले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. मगनवाडीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेलघाणा, हातकागद यांच्याबरोबर धूर कमी करणारी मगन चूल आणि रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप यांवर मेहनत घेतली. कुमारप्पा मूळचे हिशेबनीस, आणि हिशेबनिसाची त्यांची शिस्त अशी, की वस्तूचा भाव मांडताना तिच्यामागे दडलेले नुकसानही खात्यात धरावे. स्वस्त वस्तू घेताना ज्याच्या कष्टांवर ती स्वस्त झाली त्याचा भार घेणाऱ्यावरही येतो, असे ते मानीत.

ते खाते आज मोबाईलचे मांडून पाहिले तर काय निघते? त्याच्या बॅटरीतील कोबाल्ट जगात सर्वांत अधिक आफ्रिकेतल्या कांगोमधून येते, आणि तेथे हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात. मोबाईल ज्या विजेवर चालतो तिचा कोळसा आपल्याच चंद्रपुरातून निघतो. २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची राख आणि धूर कोणाच्या छपरावर उतरतो हे ऊर्जानगर, दुर्गापूरच्या माणसांना सांगायला नको. मोबाईल वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. परगावी शिकणारी मुलगी त्यावरच आईशी बोलते, आणि आडरानातल्या वस्तीतून रुग्णवाहिका त्यावरच बोलावता येते. परंतु जुना रेडिओ उघडता येई, त्याचे पोट दिसे. आजचा मोबाईल डिंकाने बंद केलेला येतो, आणि तो उघडणे हा जणू गुन्हा आहे अशा थाटात दुकानदार नवा पुढे करतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी निर्देश संमत केला, तो याच प्रवृत्तीविरुद्ध. आपल्या बाजारपेठांतल्या टपऱ्यांतून भिंग लावून बसलेले कारागीर हे काम कोणत्याही निर्देशावाचून करीत आले आहेत. मोबाईल दुरुस्त करून आणखी दोन वर्षे चालवणे म्हणजे कांगोतल्या त्या मुलाचे कष्ट वाया न घालवणे होय, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

निर्णय कसा घ्यावा याचा धडाही याच रानात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्याआधी या भागातील बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याकडे जाई आणि तोडणाऱ्याच्या हाती मजुरीच पडे. पण आम्हांस त्या गावाचा अभ्यासगट अधिक महत्त्वाचा वाटतो. एखादा विषय आला की मंडळी आधी बसून तो समजून घेतात, बाहेरच्या जाणत्याला विचारतात, आणि मग ग्रामसभेत सर्वांची संमती होईपर्यंत थांबतात. बायकांचे म्हणणे त्यात धरले जाते. अमेरिकेतल्या आमिश ख्रिस्ती लोकांचीही थोडीशी अशीच रीत आहे. त्यांच्या अनेक वस्त्यांत टेलिफोन आला, पण घराबाहेरच्या खोपटात ठेवला गेला. आपल्या घरांत मात्र टीव्ही मिक्सरच्या आधी आला, कारण विकत घेणारा आणि वाटण वाटणारी या दोन व्यक्ती होत्या.

आता बाजारात प्लॅस्टिकची सुपेही आली आहेत. ती हलकी, स्वस्त, आणि बांबूच्या सुपासारखी मेथी आणि कागदाच्या लगद्याने सारवावी लागत नाहीत. रोज तांदूळ पाखडणाऱ्या बाईने ते सूप उचलले तर तिला बोल लावायला आमची जीभ धजत नाही. तिचेही हात झिजतच आहेत. पण तीन दुकाने सोडून बुरूड आजोबा आपली सुपे मांडून बसलेले असतात, आणि ती बाई हातात काय घेऊन चालली आहे ते त्यांना दिसते.